गोलपोस्टामागची होडी

एकतीस वर्षं मी एकही सामना पाहिलेला नाही
आणि एकही चुकवलेला नाही.

आमच्या बेटावर सपाट जागा एकच,
चर्चच्या खाली, कड्याला चिकटून.
तिथे खडी अंथरली आणि तिला मैदान म्हणू लागले.
उत्तरेकडच्या गोलामागे कमरेएवढी भिंत,
भिंतीमागे अटलांटिक.
तिथे, खाली, मी. होडी, दोन वल्ही,
काठीला बांधलेलं जाळं.

वरून ऐकू येतं तेवढंच माझं फुटबॉल.
आमच्या पोरांचे बूट जुने, खडीवर आवाज बसका.
बायका गप्प झाल्या की कॉर्नर.
मेंढ्या पळाल्या की गोल.

त्या वर्षीचा कप एप्रिलात सुरू झाला.
लीगमध्ये हरलेल्याला पुढचा रविवार असतो,
कपात एक हार, आणि जर्सी धुऊन कपाटात.
पहिली फेरी आम्हाला फेरीबोटीनेच जिंकून दिली :
पाहुणे धक्क्यावर उतरले तेच हिरवेपिवळे होऊन.
तीन चेंडू पाण्यात. तिन्ही परत दिले.
दुसऱ्या फेरीत धुकं.
हेग्नी, आमचा गोलकीपर, कारखान्यात कॉड सोलतो,
म्हणाला, दिसला नाही, वास आला म्हणून अडवला.
तिसरी परगावी. होडीला काम नाही.
रेडिओ सांगत होता, तुम्मास मास्तरांचे दोन गोल,
दोन्ही डोक्याने.
मला ते खोटंच वाटत राहिलं.
पाण्याचा आवाज नाही, तर सामना कसला?

मग जून, सूर्य मावळायचं विसरतो तो महिना,
उपांत्य सामना, आणि राजधानीचा संघ.
नवे बूट, खिळे टणटणीत.
दोनदा मेंढ्या पळाल्या आणि गाव ओरडलं.
एकदा मेंढ्याच पळाल्या, गाव नाही.

शेवटची पाच मिनिटं असतील.
चेंडू भिंतीवरून आला, लांब, ओहोटीच्या धारेत.
राखीव दोन आधीच वाहून गेलेले.
भिंतीवर हेग्नीचं डोकं.
बोलला नाही. तळहात खाली केला, दोनदा,
मूल झोपलेल्या खोलीत कुणी शिरलं की करतात तसा.
हळू.
शेजारी दुसरं डोकं, त्यांच्यातल्या एका पोराचं,
ओलं, एकोणीस वर्षांचं असेल.
त्याने काहीच केलं नाही. नुसता बघत होता.

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, म्हणतात.
चेंडू मासा नाही.
आणि मला वल्हवायची एकच गती येते,
वडिलांची, तीसुद्धा त्यांनी
कधी शिकवली नाही.
मी गेलो आणि आलो.

बरोबरी झाली. मग जादा वेळ.
मग मेंढ्या पळाल्या.
गाव नाही.

कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे बोलत नाहीत.
सुन्वाने आठवडाभर सुटे पैसे
माझ्या हातावर न ठेवता फळीवर ठेवले, एवढंच.
तुम्मास मात्र त्या रात्री आला, उजेडातल्या रात्री,
माझ्या पायरीवर बसून
गुडघ्यातली खडी चिमट्याने काढत राहिला.
"दान्यल, हळू गेला असतास तर?"
"ओहोटी होती. हळू गेलो असतो तर चेंडूच गेला असता."
हे खरं होतं.
हे सगळं खरं नव्हतं.

सप्टेंबरात वाहून गेलेल्या दोघांतला एक सापडला,
खाडीपलीकडे, एका मेंढपाळाला.
हवा अर्धी, शेवाळाखाली
गावाचं नाव अजून लागत होतं.
टपालाच्या बोटीने आला. हेग्नीनेच आणून दिला.
"ठेव तुझ्याकडे," म्हणाला, "पुढच्या वेळी
भरती बघून सोड."
हसला का, ते अंधारात कळलं नाही.

चेंडू होडीत आहे, फळीखाली.
वल्ह्यांच्या कड्यांना चरबी लावून झाली.
एप्रिलला अजून वेळ आहे.